कापडाखालचा आकडा

एकवीस वर्षं लॅबमध्ये तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बाई आल्या का, बाईंना दाखवा, बाई म्हणतील ते खरं. मग तिची धाकटी जाऊ त्याच लॅबमध्ये नोकरीला लागली, एकाच आडनावाच्या दोन बाया झाल्या, आणि महिन्याभरात ही झाली ‘थोरल्या बाई’ अन् ती ‘धाकट्या बाई’. बोलणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, सोय म्हणून म्हणायचे बिचारे. पण थोरल्या म्हणजे काय? म्हणजे म्हाताऱ्या! हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि मनात जे धरलं ते धरलं.

आणि गंमत ऐका, धाकटीला तिथे चिकटवली कोणी? हिनंच. साहेबांच्या खोलीत जाऊन, “मुलगी हुशार आहे, प्रकाशाच्याच विषयात शिकलीय, घरात बसून काय करणार,” असं स्वतःच्या तोंडानं सांगून आली होती. धोंडा शोधून आणला, उचलला आणि नेम धरून स्वतःच्याच पायावर टाकला.

आता हे काम काय, ते सांगायला हवं. ही लॅब मोजमापाची. काचेच्या छोट्या पट्टीवर धातूच्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्यांची रुंदी किती हे सांगायचं आणि तसा दाखला द्यायचा. रेघ केवढी? डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे उभे शंभर काप करा (मनातल्या मनात हं, हातानं व्हायचं नाही), त्यातल्या एका कापाएवढी. तिथे मिलिमीटर वगैरे भाषा चालत नाही. तिथे नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरमध्ये असे दहा लाख बसतात.

थोरली ही रेघ मायक्रोस्कोपखाली मोजायची. हिरवा उजेड लावायचा, डोळा आयपीसला टेकवायचा, आणि आत दिसणारी उभी खुणेची रेघ स्क्रू फिरवत फिरवत धातूच्या कडेवर आणून थांबवायची. स्क्रूच्या ड्रमवरचा आकडा वाचायचा. मग पलीकडच्या कडेवर जायचं, पुन्हा वाचायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे रुंदी. ऐकायला किती सोपं! पण इतक्या बारीक वस्तूची कड स्वच्छ दिसतच नाही. प्रकाशाची एक लाटच जवळजवळ त्या रेघेएवढी, तो बिचारा रेखीव दाखवणार तरी किती? काळं संपून हिरवं सुरू होतं त्याच्या मध्ये एक करडी, धुरकट पट्टी दिसते. त्या पट्टीत नेमकं कुठे थांबायचं, यातच सगळी कला. पुस्तकात ते लिहिलेलं असतं, पण बोटांत उतरायला दहा वर्षं जातात. थोरलीच्या बोटांत ते उतरलं होतं.

रोज सकाळी खोलीत गेल्यावर अर्धा तास ती नुसती बसून राही. माणसाच्या अंगाच्या उबेनंसुद्धा काच फुगते, म्हणून. चहा पिऊन लगेच आयपीसला डोळा लावायचा नाही, रेघेवर येताना श्वास रोखायचा. आणि स्क्रू नेहमी एकाच बाजूनं आणायचा. चुकून पुढे गेला तर तिथल्या तिथे मागे घ्यायचा नाही, पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा यायचं, नाहीतर आट्यांमधली ढिलाई आकड्यात शिरते. ही सवय तिच्या हाडात एवढी भिनली होती की घरी पंखा चारवरून तीनवर आणायचा असला तरी ती बटण आधी पार शून्यावर न्यायची आणि मग वर चढवायची. नवरा कपाळाला हात लावायचा. “अगं, पंखा आहे तो! प्रयोग नाही!”

वह्यांचाही एक नियम होता. खोडरबर त्या इमारतीत आणायचाच नाही. आकडा रद्द करायचा तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. शेजारी कारण, तारीख आणि सही. साहेब म्हणायचे, चूक लपवणाऱ्यापेक्षा चूक करणारा मला परवडतो.

आणि धाकटी? धाकटी डोळ्यानं बघायचीच नाही! ती काचेवर लेझरचा किरण सोडायची. रेघांवर उजेड फुटायचा आणि पडद्यावर ठिपक्यांची रांग उमटायची. कुठला ठिपका किती उजळ, यावरून कम्प्युटर उलटं गणित करायचा आणि रुंदी सांगायचा. हजारो रेघांची एका दमात, आणि वर दशांश चिन्हापुढचा आकडाही. सातशे तीस म्हणून थांबणं नाही, सातशे तीस पूर्णांक चार! थोरलीला त्या ‘पूर्णांक चार’चा असा संताप यायचा की विचारू नका. रेघ कधी बघितली नाहीस, आणि तिचा पूर्णांक चार सांगतेस?

त्यातून ती गुणगुणायची. इकडे ही श्वास रोखून कडेवर येतेय, अन् भिंतीपलीकडून गाणं!

दोघी एकाच घरात राहायच्या. खाली सासूबाई, वरच्या मजल्यावर दोन भावांच्या दोन खोल्या, स्वयंपाक एकत्र. त्यामुळे लॅबमधली ठसठस संध्याकाळी डब्याबरोबर घरी यायची. धाकटीचं कोणी कौतुक केलं की थोरली बोलायची काही नाही, पण ओट्यावर भांडं जरा जोरातच ठेवायची. घरातल्या पुरुषांना वाटायचं, बाईच्या हाताला घाई आहे. सासूबाईंना काय ते कळत असे, पण त्या पडल्या मुरलेल्या.

अशात एके दिवशी साहेबांनी दोघींना बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपची खोली आणि लेझरची खोली एक होणार. प्रमुख एकच. सगळे दाखले त्या एकीच्या सहीनं जाणार, दुसरी तिच्या हाताखाली. कोण, ते साहेबांना आपल्या मनानं ठरवायचं नव्हतं. बाहेरच्या एका मोठ्या लॅबकडून त्यांनी एक काच मागवली होती. तिची खरी रुंदी बंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात. सकाळी थोरलीनं मोजायची, दुपारी धाकटीनं. पंधरा दिवसांनी दोघींनी आपापला आकडा पाकिटात घालून द्यायचा.

“तोपर्यंत एकमेकींना अवाक्षर नाही,” साहेब म्हणाले. “वही कुलपात, कम्प्युटरच्या पडद्यावर कापड. घरी स्वयंपाकघरातसुद्धा नाही हं!” आणि स्वतःच हसले. दोघीही हसल्या. थोरली हसली ती फक्त ओठांनी.

पहिले चार दिवस तिचे असे गेले की काय सांगावं. बोटं आपोआप थांबायची. सातशे बेचाळीस, सातशे एकोणचाळीस, सातशे त्रेचाळीस, सातशे एक्केचाळीस. दिवसाला दहा, असे चाळीस आकडे, सगळे एकमेकांना धरून, एका घरातल्या भावंडांसारखे. सरासरी सातशे एक्केचाळीस. तिनं वही मिटली आणि तिच्या मनात आलं, करू दे तिला काय पूर्णांक करायचंय ते.

चौथ्याच दिवशी संध्याकाळी सासूबाई उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या. त्यांची सुई ओवून द्यायचं काम थोरलीचं, लग्न होऊन आली तेव्हापासून. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, माझी सून केसाचे काप मोजते, तिला सुईचं काय! तर त्या दिवशी थोरली समोरच, हाताच्या अंतरावर भाजी निवडत बसलेली, आणि सासूबाई जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, “ए धाकटे, जरा सुई ओवून दे गं!”

धाकटी गुणगुणत खाली आली, दोरा ओवला, गुणगुणत वर गेली. थोरलीच्या हातातली भाजी हातातच राहिली. ती उठून न्हाणीघरात गेली, दार लावलं, आणि साबणाच्या डब्यावरची बारीक अक्षरं हात लांब करून वाचून बघितली. वाचता आली नाहीत. म्हणजे आली, पण चष्म्यानं. पन्नाशी उलटून दोन वर्षं झाली होती आणि चष्मा मागच्याच वर्षी लागला होता. मायक्रोस्कोपला त्याचं काही नसतं, तिथे आयपीस फिरवून आपल्या डोळ्याला जुळवून घेता येतं, हे ती दहाजणांना समजावून सांगू शकली असती. पण न्हाणीघरात कोण कोणाला समजावणार? मला दिसेनासं झालंय हे सासूबाईंच्यासुद्धा लक्षात आलंय, एवढंच तिच्या मनात घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायला बसण्याआधी ती नेहमीप्रमाणे सगळ्या खोल्यांतलं तापमान टिपायला निघाली. ते काम तिच्याचकडे होतं. लेझरच्या खोलीत धाकटी नव्हती, तिचं काम दुपारचं, ती ग्रंथालयात गेलेली. भिंतीवरचा तापमापक वाचला. वीस अंश. टिपून घेतलं. आता वळायचं आणि बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं.

पडद्यावर पांढरं कापड होतं. सासूबाईंनीच शिवलेलं, कडेला बारीक टीप मारलेलं.

चोरी करायची म्हणून तिनं ते उचललं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिला आकडा नको होता, तिला धाकटीची फजिती हवी होती. काहीतरी आचरट दिसेल, आठशे नव्वद वगैरे, आणि आपण मनातल्या मनात हसत परत जाऊ, एवढीच तिची हाव. दोन बोटांनी कापडाचं फक्त टोक उचललं. खाली लिहिलं होतं, सातशे अठरा पूर्णांक सहा.

झालं. कापड खाली सोडलं, दार ओढलं, आपल्या खोलीत येऊन बसली.  आठशे नव्वद असतं तर हसता आलं असतं, सातशे चाळीस असतं तर निदान जीव भांड्यात पडला असता. पण सातशे अठरा! तेवीसचा फरक. एवढी चूक कोणाची? हजारो रेघा एका दमात मोजणाऱ्या यंत्राची, की साबणाचा डबा वाचता न येणाऱ्या बाईची?

त्या दिवसापासून तिचा डोळा तिचा राहिला नाही. करड्या पट्टीत ती नेहमीसारखी यायची, बोटं नेहमीच्या जागी थांबायची, आणि तेवढ्यात आतून कोणीतरी म्हणायचं, अगं जरा पुढे. ती जरा पुढे जायची. सातशे पस्तीस. दुसऱ्या दिवशी सातशे अठ्ठावीस. खोटं ती एकदाही लिहीत नव्हती, ड्रम दाखवील तेच लिहायची. पण ड्रम काय दाखवणार, बोटं जिथे थांबतील ते! आणि बोटं आता कापडाखालचा आकडा ऐकत होती. दहाव्या दिवसापर्यंत आकडे सातशे एकोणीसवर आले आणि तिथेच ठाण मांडून बसले. गंमत म्हणजे तिला खरोखरच कड तिथे दिसायला लागली. शपथेवर सांगितलं असतं तिनं.

मग उरले ते पहिले चाळीस आकडे. ते ठेवले तर सरासरी जुळेना. तेराव्या दिवशी तिनं पट्टी घेतली आणि प्रत्येकावर एकेक आडवी रेघ मारली. चाळीस रेघा. कारणाच्या जागी लिहिलं, ‘दिवा मंद’. दिवा मंद नव्हता. तेवीस वर्षांत त्या वहीत तिनं लिहिलेलं ते पहिलं खोटं. पाकिटात कार्ड घातलं, सातशे एकोणीस. धाकटीशी अगदी जुळणार नाही, पण हरणारही नाही, असा शहाणा आकडा.

पाकिटं फोडायच्या दिवशी साहेबांच्या खोलीत लॅबमधले पाच-सहाजण जमले होते. साहेबांनी आधी कपाटातलं पाकीट फोडलं आणि चष्मा वर करून वाचलं, “सातशे एक्केचाळीस.”

 काही क्षण थोरलीला वाटलं, साहेब चुकून तिचीच वही वाचतायत.

मग साहेबांनी धाकटीचं पाकीट फोडलं. “सातशे चाळीस पूर्णांक आठ. वा!” आणि थोरलीचं. त्यांनी ते दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, पण आवाज खाली आणून. “सातशे एकोणीस.” कार्ड टेबलावर ठेवलं.

लोकांनी धाकटीचं अभिनंदन केलं. तिचे गाल लाल झाले होते. “अहो, कसलं काय!” ती म्हणाली. “परवापर्यंत माझं साफ चुकत होतं. गणितात धातूच्या थराची जाडी द्यावी लागते, ती मी आधीच्या काचेचीच ठेवली होती. अगदी शेवटच्या दिवशी लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर माझं उत्तर येत होतं सातशे...”

बोलता बोलता तिची नजर टेबलावरच्या कार्डावर गेली. सातशे एकोणीस. तोंड उघडंच राहिलं. तिनं थोरलीकडे बघितलं, आणि थोरलीनं खिडकीकडे. “सातशेच्या आसपास काहीतरी,” धाकटी म्हणाली.

बाकी कोणाला काही कळलं नाही. साहेब उठून थोरलीजवळ आले. “बाई, तेवीस वर्षं या डोळ्यांनी लॅब चालवली. आता त्यांना जरा विश्रांती द्या. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.” कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली. कोणीतरी पाणी आणलं. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसं. एवढा राग तिला आयुष्यात कशाचा आला नव्हता. आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही!

घरी तर त्याच्या वरताण. बातमी तिच्या आधी पोचली होती. नवऱ्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलेली. सासूबाईंनी आपला टेबललॅम्प तिच्या भाजीच्या ताटाजवळ आणून ठेवला. तिनं तो बंद केला. त्यांनी परत लावला.

स्वयंपाकघरात धाकटी एकटी सापडली तेव्हा थोरली म्हणाली, “सांगून टाक ना एकदाचं.”

“काय सांगू, ताई?”

“तुला माहितेय काय ते. उपकार नकोत मला तुझे.”

धाकटीनं चहा गाळला, एक कप तिच्यापुढे सरकवला. “उपकार कसले त्यात. घरातली गोष्ट घरात राहील. तुम्ही का बघितलंत ते कळतं मला, ताई. दिसत नसेल तर माणूस काय करणार? डोळे काय, आज ना उद्या सगळ्यांचेच जातात.”

इतकं गोड बोलली ती! आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिला वाटतंय की मला काही दिसलंच नव्हतं? माझ्याजवळ आकडाच नव्हता म्हणून मी हिचा ढापला? चहा तसाच टाकून ती वर गेली. रात्री ताटावर बसली खरी, पण घास तोंडात फिरत होता. वही डोळ्यांपुढून हलेना. चाळीस आकडे, वर एकेक आडवी रेघ, आणि खाली लख्ख वाचता येणारे सातशे एक्केचाळीस. दाखवले तर डोळे निर्दोष सुटतात, पण मग विचारतील, बाई, मग खोडलेत का? याचं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर दिलं की तेवीस वर्षांचं नाव बुडालं. गप्प बसलं तर नाव राहतं. आंधळ्या बाईचं नाव, पण राहतं.

पुढचं सगळं तिनं पश्चात्तापानं केलं असतं तर मी तसं सांगितलं असतं. मनात पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण तिला सकाळी उठवून साहेबांच्या दारात उभं केलं ते पश्चात्तापानं नाही. ‘डोळे काय, सगळ्यांचेच जातात’ या वाक्यानं केलं.

वही तिनं साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. साहेबांनी पान वाचलं. उलटलं. पुन्हा मागे आले. कागद घेऊन सरासरी काढली. मग वर बघितलं. “हे तर बरोबर आहे. बाई, हे सगळं बरोबर होतं! मग खोडलंत का? दिवा मंद म्हणजे?”

“दिवा ठीक होता,” ती म्हणाली. “मी कापड उचललं. तिचा आकडा बघितला, आणि मग मला तोच दिसायला लागला.” मग तिनं पुढचंही सांगून टाकलं. “चोर म्हणा साहेब, काय वाटेल ते म्हणा. पण आंधळी म्हणू नका.”

 साहेबांनी धाकटीला बोलावलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. आकडे वाचले, तारखा वाचल्या, पुन्हा आकड्यांवर गेली. बोटानं एकेक ओळ मोजत होती.

निकाल साहेबांनी तिथल्या तिथे दिला. प्रमुख धाकटीच. थोरलीचा कुठलाही आकडा वर्षभर एकटा बाहेर जाणार नाही, खाली धाकटीची सही लागेल. आणि ‘दिवा मंद’वर आडवी रेघ मारून शेजारी खरं कारण लिहायचं, आत्ता, इथे. साहेबांनी स्वतःचं पेन दिलं. तिनं लिहिलं, ‘दुसरीचा आकडा पाहिला.’ तारीख घातली, सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. ते वाळेपर्यंत तिघंही त्या पानाकडे बघत होती.

त्या संध्याकाळी लॅम्प परत सासूबाईंच्या खोलीत गेला. डॉक्टरांची वेळ नवऱ्यानं रद्द केली. काय झालं ते तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. “तू? कापड उचललंस?” एवढंच तो म्हणाला, आणि पंख्याचं बटण उगाचच शून्यावर नेऊन परत वर आणलं.

थोरली खाली आली तेव्हा सासूबाईंचं शिवण चाललं होतं. “अगं, कोणीतरी सुई ओवून द्या!”

धाकटी स्वयंपाकघरात होती. “ताईंना सांगा,” ती आतूनच म्हणाली. “त्यांची नजर चांगली आहे.” आवाजात काहीतरी होतं. प्रेम नव्हतं, टोमणाही म्हणता येणार नाही. थोरलीनं मान वर केली.

तिनं चष्मा लावला, दोरा घेतला आणि एका झटक्यात ओवला. मग राहवेना म्हणून विचारलंच, “आई, त्या दिवशी मी समोर बसले होते, तरी तुम्ही तिला का हाक मारलीत?”

“तुला सांगितलं की दहा प्रश्न विचारतेस,” सासूबाई गाठ मारत म्हणाल्या. “दोरा कितीचा, सुई कुठल्या नंबरची, नेढं कुठल्या बाजूला. मला अभ्रा शिवायचा होता गं बाई, परीक्षा द्यायची नव्हती.”

थोरली तिथेच बसून राहिली. एवढ्याशा गोष्टीवरून! ती हसणार की रडणार हे तिचं तिलाच कळेना, म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती. गुणगुणत नव्हती. मागे वळून न बघताच तिनं विचारलं, “पहिल्या चारच दिवसांत आला होता आकडा?”

“हो.”

“नुसत्या डोळ्यानं?”

“नुसत्या डोळ्यानं.”

“मला चौदा दिवस लागले. तेही जाडी सुधारली म्हणून,” धाकटी म्हणाली, आणि हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. जरा जोरातच.

थोरलीला तो आवाज चांगलाच ओळखीचा होता. गेली दोन वर्षं तो या ओट्यावर तीच काढत होती. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. पोळलेल्या जागी गार पाणी पडावं इतकं. पण पुढच्याच क्षणी तिला ते पांढरं कापड आठवलं, आणि कापडाचं टोक धरणारी दोन बोटं.

“हे बघ,” ती म्हणाली, “उद्यापासून तुझं मोजून होईपर्यंत माझी वही मी कुलपात ठेवणार आहे, किल्ली साहेबांकडे. बघावंसं वाटेल तुला. बघू नकोस. एकदा बघितलंस ना, की मग तुझा आकडा तुझा राहत नाही.”

“मी कशाला बघू तुमची वही?” धाकटी मागे न वळता म्हणाली, आणि दुसरं भांडं आपटलं.